तांब्याची मांडणी

मनुष्याच्या आयुष्यात अशी एक वेळ येतेच, की त्याला वाटू लागते, आपण स्वतःच्या हाताने काहीतरी करावे. कुणी बागेत वांगी लावतो, कुणी पेटी शिकायला घेतो. घरातली माणसे या काळात फार समजूतदारपणे वागतात. वांगे सुपारीएवढे झाले तरी त्याची भाजी करतात. माझी ही वेळ गेल्या वर्षी श्रावणात आली, आणि ती वाळवीने आणली.

आमचे घर भिसेगावात, कर्जत स्टेशनाच्या हाकेच्या अंतरावर. घाटाच्या पायथ्याचा पाऊस ज्यांनी पाहिला आहे त्यांना सांगायला नको; जून ते सप्टेंबर इथे मिठापासून माणसापर्यंत सगळ्यांना पाणी सुटते. आमच्या माजघराच्या भिंतीत एक फडताळ होते. त्यात वडिलांनी आयुष्यभर जमवलेले दिवाळी अंक होते. वडील रोज लोकलने मुंबईला जात आणि दिवाळीच्या आधी येताना स्टेशनावरच्या स्टॉलवरून एकेक अंक घेऊन येत. काशिनाथ रघुनाथ मित्रांनी १९०९ साली ‘मनोरंजना’चा दिवाळी अंक काढला, तिथून ही परंपरा सुरू झाली, हे त्यांनी मला इतक्या वेळा सांगितले होते की शाळेत शिवरायांच्या जन्माआधी मला ते साल पाठ झाले.

तर एके दिवशी त्या फडताळातला एक अंक काढला. वरून अगदी शाबूत. पण हातात घेतल्यावर आतून नुसती माती. त्याच्या मागचा काढला, तोही तसाच. वाळवी मोठी सभ्य वाचक. मुखपृष्ठाला धक्का न लावता आतला मजकूर संपवते. ती भिंतीतून मातीची नळी बांधत आली होती आणि तिने खालचे दोन खण फस्त केले होते. मी तिथेच जमिनीवर बसलो. वडील जाऊन बारा वर्षे झाली. त्या दिवशी ते पुन्हा थोडेसे गेले.

उरलेले अंक वाचवायचे तर भिंतीपासून सुटी अशी मांडणी हवी, हे उघड होते. सुतार म्हणाला, “साहेब, गणपती होऊ द्या, मग बघू.” कोणत्या वर्षीचे गणपती, ते त्याने सांगितले नाही. तेव्हा मी जाहीर केले, की मांडणी मी करणार. सौभाग्यवती एवढेच म्हणाल्या, “अहो, बोटं सांभाळा.”

लाकडाचा प्रश्न नव्हता. जुन्या घराचा माळा काढला तेव्हाच्या सागवानी फळ्या पडवीत पडून होत्या. सागाच्या गाभ्याला वाळवी सहसा तोंड लावत नाही. कडेच्या फिकट लाकडाला मात्र लावते. म्हणून कडा तासून पाच फळ्या काढल्या, चार फूट लांब आणि फूटभर रुंद. प्रश्न होता उभ्या खांबांचा. लोखंडी नळी आमच्या हवेत दोन पावसाळ्यांत तांबूस पापुद्रे टाकते. स्टीलची नळी लावली तर दिवाणखान्यात इस्पितळाची खाट आणून ठेवल्यासारखे दिसेल. आणि मग मनात आले, तांबे! तांबे गंजून झडत नाही. फार तर काळवंडते, पुढे हिरवे होते आणि त्या हिरव्या कातडीखाली शतकभर सुखाने राहते. न्यूयॉर्कची स्वातंत्र्यदेवता १८८६ पासून समुद्राचा वारा खात तशीच उभी आहे. आपल्याकडच्या राजांनी दानपत्रे तांब्याच्या पत्र्यावर कोरून घेतली ती काही हौस म्हणून नव्हे; वाळवीची त्यांनाही माहिती असावी.

मुंबईला नागदेवी स्ट्रीटवर गेलो. नळ्या-खिळ्यांच्या त्या बाजारात वातानुकूलन यंत्राला लागणारी तांब्याची नळी वेटोळे करून विकतात, ती घेतली. इथे माझी पहिली चूक झाली. घरी येऊन वेटोळे फरशीवर लाटून सरळ केले, उभे केले, आणि त्यावर नुसता हात ठेवला तर नळीने मान टाकली.

कारण मागाहून कळले, आणि ते कुठल्याही तांबटाला विचारले असते तर त्याने आधीच सांगितले असते. तांबे लाल होईतो तापवले की मऊ पडते आणि ठोकले, ताणले की कडक होते. पुण्याच्या कसबा पेठेतल्या तांबट आळीत भांड्यावर हातोडीचे ठोके पाडून मठारतात, ते नुसते नक्षीसाठी नसते. त्या ठोक्यांनी पातळ पत्र्यात जोर येतो. वेटोळ्याची नळी वाकवता यावी म्हणून मुद्दाम तापवून मऊ केलेली असते. खांबाला हवी ती सरळ, कडक नळी. पुन्हा लोकल, पुन्हा नागदेवी स्ट्रीट. सहा-सहा फुटांच्या पाऊण इंची चार नळ्या घेऊन मी लगेजच्या डब्यात उभा राहिलो. बदलापूरपर्यंत तिघांनी मला गॅसची लाइन टाकायचा भाव विचारला.

नळ्या ओसरीवर ठेवल्या. आई आरामखुर्चीत बसली होती. तिने त्यांच्यावरून हात फिरवला आणि विचारले, “केवढ्याला पडल्या रे?”

मी आकडा थोडा कमी करून सांगितला. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग अगदी सहज म्हणाली, “आणि बंब केवढ्याला दिला होतास?”

ज्यांच्या घरी बंब होता त्यांना त्याचे वर्णन सांगायला नको. ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो: तांब्याचा पोटभर उंच हंडा, मधून आरपार धुराडे, खाली राखेची जाळी, बाजूला पितळी तोटी. धुराड्यात करवंट्या, ढलप्या, गोवऱ्या टाकायच्या. भोवतीचे पाणी तापत राहायचे. आमचा बंब आईच्या लग्नातला. नरकचतुर्दशीच्या आदल्या दिवशी ती तो चिंचेने घासायची आणि त्याच्या पोटावर आम्हा भावंडांना आपापली वेडीवाकडी तोंडे दिसायची. घरात गिझर आला, न्हाणीघरात फरशी बसली, तेव्हा मी बंब मोडीत काढला. आई तेव्हा मामाकडे गेली होती. परत आल्यावर तिने न्हाणीघरात डोकावून पाहिले, “गेला वाटतं,” म्हणाली आणि आपल्या कामाला लागली. त्यानंतर वीस वर्षांत तिने बंबाचे नावसुद्धा काढले नव्हते. मला वाटले होते, विसरली.

मला किंमत आठवत होती, पण सांगवेना. मी गिरमिट शोधायला आत गेलो.

पुढचे काम मी जरा जास्तच मन लावून केले. प्रत्येक फळीच्या चार कोपऱ्यांत गुण्या लावून भोके पाडली आणि नळ्या त्यातून ओवल्या. प्रत्येक फळीखाली नळीत आडवा खिळा घातला. फळी त्या खिळ्यावर टेकते. खिळे पितळी घेतले. तांब्याला लोखंड चिकटले आणि त्यात ओल आली, तर लोखंड एरवीपेक्षा लवकर खाऊन जाते. त्याच स्वातंत्र्यदेवतेचा आतला लोखंडी सांगाडा असा खाल्ला गेला आणि तिच्या शंभरीच्या आधी बदलून तिथे न गंजणारे पोलाद बसवावे लागले. आमच्या मांडणीची शंभरी पाहायला मी नसेन, पण तयारी ठेवलेली बरी.

मांडणी उभी राहिली. ओळंबा सोडून पाहिला, सरळ होती. फूटभर अंकांचे वजन करून पाहिले तर आठ-नऊ किलो भरले. ते अंक एकेक करून वर चढवले. तिसरा खण भरत आला तेव्हा मांडणी अदबीने डावीकडे झुकली. मी तिला उजवीकडे लोटले, ती उजवीकडे झुकली. सौभाग्यवती स्वयंपाकघरातून धावत आल्या आणि त्यांनी मागून टेकू दिला. आमच्या कर्जतला घाट चढणाऱ्या गाड्यांना मागून इंजिने जोडतात, कारण सदतीस फुटांना एक फूट असा तो चढ एकट्या इंजिनाला झेपत नाही. संसारातही हीच व्यवस्था आहे, फक्त मागचे इंजिन कुणी मोजत नाही.

शेजारचे अण्णा रेल्वेतून निवृत्त झालेले. त्यांनी चष्म्यावरून पाहिले आणि म्हणाले, “अहो, चौकोन कितीही भक्कम केलात तरी तो लवंडणारच. रेल्वेचा पूल बघितलात कधी? सगळे त्रिकोण. त्रिकोणाला हलता येत नाही.” म्हणजे पाठीमागे आडव्या तिरक्या पट्ट्या हव्यात. पुन्हा नागदेवी स्ट्रीट? तेवढ्यात मला ते टाकून दिलेले मऊ वेटोळे आठवले. उभे राहायला ते नालायक होते. पण फुलीच्या पट्ट्यांना उभे राहायचे नसते, नुसते ताणून धरायचे असते. नळीची टोके हातोडीने चपटी केली, पितळी स्क्रूने फळ्यांना जखडली. मांडणी हलायची थांबली. माझी चूक तिच्या पाठीमागे फुलीच्या रूपाने आजही उभी आहे.

मांडणी भिंतीपासून चार बोटे दूर ठेवली, म्हणजे वाळवीची नळी दिसली तर वेळेवर दिसेल. खणाखणांत वेखंडाच्या पुरचुंड्या ठेवल्या. मुलगा म्हणाला, “बाबा, नळ्यांना वरून लॅकर मारा, कायम चकाकतील.” मी डबा आणलाही होता. आई म्हणाली, “काही नको मारायला.”

तिने कारण सांगितले नाही. मीही विचारले नाही.

ते समजले नरकचतुर्दशीच्या आदल्या दिवशी. दुपारी मांडणीजवळ खसखस आवाज येत होता. आई पाटावर बसली होती. शेजारी वाटीत भिजवलेली चिंच आणि मीठ. चिंचेतल्या आंबटाने तांब्यावरचा काळा थर विरघळतो, एवढे रसायनशास्त्र तिने न शिकता साठ वर्षे वापरले आहे. हात आता थरथरतात. हात पोचेल तेवढी, खालच्या दोन खणांपर्यंतची नळी तिने लख्ख केली होती. वरची काळवंडलेली तशीच होती.

मी शेजारी बसलो, चिंचेचा गोळा घेतला आणि वरून घासायला लागलो.

“वरून खाली घास,” ती म्हणाली. “पाणी लाकडावर सांडू नकोस. आणि लगेच कोरड्या फडक्यानं पूस, नाहीतर डाग पडतात.”

“आई, बंब फार स्वस्तात दिला गं मी.”

“माहीत आहे मला,” ती म्हणाली. “ते काखेतलं राहिलं बघ, तिथं घास.”

दुसऱ्या दिवशी पहाटे गिझरच्या पाण्याने अभ्यंगस्नान झाले. उटण्याचा वास तसाच होता. नातू ओल्या केसांनी धावत आला आणि मांडणीच्या नळीत तोंड पाहू लागला. पाऊण इंची नळी ती. त्यात त्याचे तोंड दोडक्यासारखे लांब दिसले आणि तो खदखदून हसला. आई आरामखुर्चीतून त्याच्याकडे पाहत होती.

खालचे दोन खण अजून रिकामे आहेत. या वर्षीचा हा अंक वाचून झाला, की तो तिथे पहिला ठेवणार आहे.