ड्रॅंगलिकवरचा राग

'डार्क सोल्स २'चं नाव निघालं की माझं डोकं अजूनही तापतं. आणि त्याच गेमला कुणी नावं ठेवली, तरी तापतं. परवा मावसभावाने सेलमध्ये तिन्ही भाग एकदम घेतले आणि फोनवर विचारलं, "ताई, दुसरा सोडला तर चालेल ना? सगळे तेच सांगतायत." मला धड उत्तर देता आलं नाही. हो म्हणवेना आणि नाही म्हणताना जुना राग वर आला. तो राग एकदा नीट सांगून टाकते.

पहिला 'डार्क सोल्स' २०११ चा. जपानच्या फ्रॉमसॉफ्टवेअरचा, हिदेताका मियाझाकी यांनी दिग्दर्शित केलेला. मरायचं, कशाने मेलो ते शिकायचं, पुन्हा उठायचं. ड्रॅंगलिक या राज्यात घडणारा दुसरा भाग मार्च २०१४ मध्ये आला, पीसीवर एप्रिलमध्ये. तेव्हा मियाझाकी 'ब्लडबोर्न'मध्ये गुंतले होते, म्हणून दिग्दर्शन तोमोहिरो शिबुया आणि युई तानिमुरा यांच्याकडे होतं. मियाझाकी नव्हते म्हणून गेम फसला, असं लोक सरसकट म्हणतात. मला ते पटत नाही. काम अर्ध्यावर आल्यावर सगळी मांडणी नव्याने करावी लागली आणि तयार झालेले नकाशे जमतील तसे वापरावे लागले, हे तानिमुरांनीच नंतर मुलाखतीत सांगितलंय. अशा अवस्थेतून इतका मोठा गेम उभा राहिला, याचं कौतुकच करायला हवं. माझी तक्रार वेगळी आहे.

माझी तक्रार लोळणीबद्दल आहे.

या गेममध्ये जगण्याची खरी विद्या एकच, ती म्हणजे वार अंगावर येताना नेमक्या क्षणी लोळण घ्यायची. लोळताना क्षणाचा एक तुकडा असा असतो, की तलवार अंगातून आरपार गेली तरी लागत नाही. पहिल्या भागात मी ही विद्या हाडात मुरवली होती. तिथे हिशेब सरळ होता. अंगावर चिलखताचं ओझं कमी असलं की लोळण चपळ, जास्त असलं की जड. डोळ्यांना दिसायचं, हाताला कळायचं.

दुसऱ्या भागात मी 'फॉरेस्ट ऑफ फॉलन जायंट्स'मधल्या पर्स्यूअर नावाच्या शत्रूसमोर उभी राहिले. काळं चिलखत, डाव्या हातात ढाल, उजव्या हातात तलवार, जमिनीपासून किंचित वर तरंगत अंगावर येणारा. त्याची तलवार मागे जाते, क्षणभर थांबते आणि मग सपकन येते. तो थांबा मी ओळखला होता. बटण वेळेवर दाबत होते. माझा गडी लोळून त्याच्या काखेखालून पलीकडे निघालेला मला स्पष्ट दिसायचा, पातं पाठीवरून निसटलेलं दिसायचं, तरी रक्ताची पट्टी अर्ध्यावर! पुन्हा तसंच. पुन्हा. त्यात इथे प्रत्येक मरणागणिक तुमची रक्ताची पट्टीच आखूड होत जाते, पार निम्म्यावर येईपर्यंत. म्हणजे आधीच ज्याच्यावर अन्याय झालाय, त्याच्याच ताटातली भाकरी काढून घ्यायची.

शेजारी बसलेला दादा म्हणाला, "कंट्रोलर गेलाय तुझा." दुसरा आणून लावला. तेच. रात्र रात्र मी स्वतःच्या बोटांना दोष देत बसले.

मग कळलं, की लोळण आता एका आकड्यावर अवलंबून आहे. ॲडॅप्टेबिलिटी. ती वाढवली की ॲजिलिटी वाढते, आणि ॲजिलिटी वाढली की वार न लागण्याचा तो तुकडा लांबतो. जखमेवरचं एस्टस किती झपाट्याने घोटता येतं, तेही त्यावरच. गेममध्ये चपळाईमुळे वार चुकवणं सोपं जातं, अशा अर्थाची एक मोघम ओळ आहे, नाही असं नाही. पण सुरुवातीला तुमच्या हाती दिलेली लोळण मुळातच अपुरी आहे, हे ती ओळ कुठे सांगते? ताकद वाढवावी, रक्त वाढवावं, हे कुणालाही सुचेल. ॲडॅप्टेबिलिटी या शब्दावर कोण आपले कष्टाचे सोल्स, म्हणजे शत्रू मारून कमावलेलं चलन, उधळेल? आणि पडद्यावर तर लोळण पहिल्या भागासारखीच दिसते. डोळ्यांना एक दाखवायचं आणि आत हिशेब दुसराच करायचा. कबड्डीत मधली रेघच पुसून टाकावी आणि पंचांनी "गडी बाद, गडी बाद" म्हणत राहावं, तसं झालं हे.

अवघड असण्याबद्दल माझं काहीच म्हणणं नाही. अवघड आहे म्हणूनच मी हे गेम खेळते. पण अवघडपणा उघड हवा. मी हरले तर का हरले हे मला दिसलं पाहिजे, नाहीतर शिकायचं काय? मालिकेचा सगळा डोलारा याच विश्वासावर उभा आहे आणि दुसऱ्या भागाने नेमका त्यालाच हात घातला. २०१५ मध्ये 'स्कॉलर ऑफ द फर्स्ट सिन' ही आवृत्ती काढली, शत्रूंच्या जागा बदलल्या, पण हा आकडा तसाच ठेवला. २०१६ च्या तिसऱ्या भागातून मात्र तो गायब झाला. त्यांनाही कळलं असावं, दुसरं काय.

गंमत म्हणजे बाकीचे ज्यावरून चिडतात, त्याचा मला राग येत नाही. नकाशाचंच घ्या. अर्दन पीक ही पवनचक्की. तिच्या टोकावरून लिफ्ट आणखी वर जाते आणि दार उघडतं ते लाव्हाच्या तळ्यात बुडत चाललेल्या लोखंडी किल्ल्यात. बाहेरून पाहिलं तर पवनचक्कीच्या वर नुसतं आभाळ! पहिल्या भागाचा नकाशा कसा घट्ट विणलेला होता, हे मलाही माहीत आहे. पण आठवणी पुसत नेणाऱ्या शापाने डोकं पोखरलेल्या माणसाला रस्ते असेच आठवणार, असं मी धरून चालले आणि मला ते आवडलं. ही पळवाट म्हणायची असेल तर म्हणा.

कारण या भागाचं खरं दुःख विसरण्याचं आहे. मिर्राहची लुकाटिएल पहिल्यांदा भेटते ती नो-मॅन्स व्हार्फमध्ये. मुखवटा घातलेली तलवारबाज, शापावर उतारा शोधत आणि भावाच्या मागावर निघालेली. हा भाऊ तलवारीत तिच्यापेक्षा सरस. पुढे ठिकठिकाणी ती भेटत राहते आणि दर भेटीत तिच्यातलं थोडं थोडं पुसलेलं असतं. शेवटी आल्डियाच्या वाड्यात ती भिंतीला टेकून बसलेली सापडते आणि मागते एवढंच, की माझं नाव लक्षात ठेव. मी कंट्रोलर खाली ठेवला होता.

आणि राजा व्हेंड्रिक. अर्धा गेम त्याच्या नावाचा दरारा ऐकायचा. वेल्स्टाटसारख्या रखवालदाराला पाडून आत जायचं, आता महायुद्ध होणार म्हणून एस्टस मोजायचं. तर आत एक वाळलेला, जवळजवळ उघडा देह तलवार फरफटत गोल गोल फिरतोय. राजवस्त्रं बाजूला पडलेली. तुम्ही छेडल्याशिवाय तो तुमच्याकडे ढुंकूनही पाहत नाही. मी त्याच्यावर हात उचलला नाही. त्याची अंगठी घेतली आणि निघाले. मालिकेत याहून थरारक लढती खूप आहेत, पण न लढता बाहेर पडताना छातीत जे झालं, ते पहिल्या भागाने मला दिलं नव्हतं आणि तिसऱ्यानेही दिलं नाही.

म्हणून दुसरा भाग सोडा असं सांगणाऱ्यांचं ऐकू नका. तो चांगला गेम आहे, आणि खेळणाऱ्याशी अन्यायाने वागलेला गेम आहे. एकाने दुसऱ्याची भरपाई होत नाही, माझ्यापुरती तरी झालेली नाही. खेळा. सुरुवातीचे सोल्स तलवारीवर किंवा ताकदीवर घालू नका, ॲडॅप्टेबिलिटीवर घाला आणि ॲजिलिटी शंभराच्या आसपास न्या. हे गेमने सांगायला हवं होतं. त्याने सांगितलं नाही, म्हणून मी सांगतेय.