बटणं माझी, बोटं माझी!

लॅपटॉपला तुमचं बोट दिसत नाही. डीजे कंट्रोलरवरचं प्लेचं बटण तुम्ही अंगठ्यानं दाबा, कोपरानं दाबा नाहीतर चमच्याच्या दांड्यानं. त्याच्यापर्यंत पोचतात ते फक्त तीन आकडे. निरोप कसला आणि कुठल्या चॅनेलवरचा, बटण कितव्या नंबरचं, आणि जोर किती, ०पासून १२७पर्यंत. बस्स! या भाषेचं नाव मिडी. १९८३च्या जानेवारीत अमेरिकेतल्या नॅम या वाद्यांच्या प्रदर्शनात प्रॉफेट-६०० आणि ज्युपिटर-६ हे दोन वेगळ्या कंपन्यांचे सिंथेसायझर वायरनं जोडून दाखवले गेले, तेव्हापासून ही भाषा जगभर चालतेय. कोण दाबतंय, कसं दाबतंय, याच्याशी तिला काही देणंघेणं नाही.

मला मात्र होतं. २०२२च्या पावसाळ्यात स्कूटरवरून पडले आणि डाव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट कायमचं रुसलं. दोन्ही वाकतात, पण अर्धीच, आणि पकड शून्य. दिवसा मी हिंजवडीत सॉफ्टवेअर टेस्टिंग करते, तिथं आठ बोटांवर भागतं. पण शनिवार-रविवारचं काय? मैत्रिणींची संगीतं, सोसायटीचं न्यू इयर, कॉलेजच्या ग्रुपची रियुनियन... गाणी लावणारी मीच! आणि माझ्या दोन डेकच्या साध्याशा कंट्रोलरवर निम्मी कामं शिफ्ट दाबून धरल्याशिवाय होतच नाहीत. डाव्या करंगळीनं शिफ्ट धरायचं, अंगठ्यानं पॅड मारायचा. कंपनीनं गृहीतच धरलंय की प्रत्येकाला दहा तंदुरुस्त बोटं असतात.

"विकून टाक ना ताई," धाकट्या भावानं सुचवलं. फिजिओथेरपिस्ट मॅडमनी मात्र वेगळाच प्रश्न विचारला, "तळहातानं आणि अंगठ्यानं काय काय जमेल?" त्या रात्री मी वही घेऊन बसले.

मी मिक्स नावाचं सॉफ्टवेअर वापरते. फुकट आहे, ओपन सोर्स आहे, आणि मुख्य म्हणजे मॅपिंगची फाइल उघडीच असते, कुलूप नाही. सुरुवात अगदी सोपी. प्रेफरन्सेसमध्ये कंट्रोलर्स, तिथं लर्निंग विझार्ड. स्क्रीनवरच्या बटणावर क्लिक करायचं, मग हातातल्या यंत्रावर जे दाबायचंय ते दाबायचं. झाली जोडी! एवढ्यावर बऱ्याच जणांचं काम भागतं.

माझं भागणार नव्हतं. कारण मला नुसती बटणं बदलायची नव्हती, अख्खं घर हलवायचं होतं. दोन्ही डेकना खाली आठ-आठ पॅड, चारच्या दोन ओळींत. उजवीकडचे आठही पॅड मी उजव्या हातासाठी वाटून टाकले : वरची ओळ डाव्या डेकचे हॉटक्यू, खालची ओळ उजव्या डेकचे. म्हणजे गाण्यातल्या खुणेच्या जागांवर उडी मारायची असेल तर डाव्या हाताला त्रासच नाही. आणि डावीकडचे आठ पॅड? ते आठही एकच काम करतात! कुठलाही दाबा, चार बीटचा लूप लागतो. पुन्हा दाबा, सुटतो. नेम धरायला नको, तळहात टेकवला की झालं. ही माझी सगळ्यात लाडकी युक्ती आहे. एका कामाला आठ बटणं ही उधळपट्टी कुठल्याच कंपनीला परवडली नसती, मला परवडते.

आईनं स्टिकर लावलेले पॅड बघितले आणि म्हणाली, "हे काय गं, मिसळणाच्या डब्यासारखं?" अगदी तसंच! मोहरीची वाटी कुठं ते तिचा हात बघतो, डोळे नाही. आणि काकूंच्या डब्यात तिची फोडणी हमखास करपते.

खरी कसोटी शिफ्टची. ते धरून ठेवायला नको, मोबाइलच्या कॅप्स लॉकसारखं टॅप केलं की लागायला हवं. त्यासाठी मिक्समध्ये जावास्क्रिप्टचं छोटंसं फंक्शन लिहावं लागतं. सहा-सात ओळी, घाबरू नका. इथं बरेच जण अडकतात ती गंमत अशी : बटण दाबलं की १२७ येतो, सोडलं की ०. हा शून्य गाळला नाही तर शिफ्ट दाबताक्षणी लागतं आणि बोट उचलताक्षणी सुटतं. शून्याकडे दुर्लक्ष केलं की विषय संपला. बटणाचा दिवाही स्क्रिप्टकडूनच लावून घेतला, म्हणजे शिफ्ट लागलंय का, हे अंधारातही दिसतं.

मग फिल्टरच्या नॉबला मी दुसरं काम दिलं, शिफ्टमध्ये इफेक्ट कमी-जास्त करायचं. आता नॉब एक, मालक दोन. फिल्टरसाठी तो टोकाला फिरवलेला असताना शिफ्ट लावून हात लावला की इफेक्ट एकदम धाडकन उसळतो. यावर उपाय सॉफ्ट टेकओव्हर. सॉफ्टवेअरमधला आकडा जिथं थांबलाय तिथं नॉब येऊन पोचेपर्यंत त्याचं ऐकायचंच नाही. फाइलमध्ये एकच शब्द वाढवायचा, पाहुण्यांचे कान वाचतात.

टेम्पोच्या स्लायडरपुढे मात्र मॅपिंगचं काही चालत नाही. माझा स्लायडर ७ बिटचा, म्हणजे एकूण १२८ पायऱ्या. वर-खाली ८ टक्क्यांची पट्टी घेतली तर एक पायरी साधारण ०.१३ टक्क्यांची. हवा तो वेग दोन पायऱ्यांच्या बरोबर मध्ये पडला तर दोन मिनिटांत दोन गाणी सुमारे ७५ मिलिसेकंदांनी सरकतात, आणि ढोलाच्या ठेक्याची चक्क दोन शकलं ऐकू येतात. महागड्या यंत्रांत हेच काम १४ बिटवर चालतं, १६,३८४ पायऱ्या. मी जॉगव्हीलला तळहातानं हलकासा धक्का देऊन भागवते. ते तळहाताला झकास जमतं.

पहिला खरा कार्यक्रम मावसबहिणीचं संगीत. तीन तास, सैराटपासून पंजाबी ढोलापर्यंत सगळं. डावा हात दुखला नाही म्हणणार नाही, पण कुठं अडलाही नाही. मध्यंतरात नवऱ्यामुलाचा मित्र उत्साहानं कन्सोलवर आला. दोन मिनिटांत घामाघूम! "ताई, इकडचा पॅड मारला की तिकडचं गाणं उडी मारतंय!"

मी त्याला प्रेफरन्सेस उघडून दिलं. कंपनीची मूळ फाइल निवडायला त्याला दहा सेकंद लागली. जेवून आल्यावर माझी परत लावायला मलाही तेवढीच.