चौथा सैनिक

मुलाखतीत बाई म्हणाली होती, दारात तीन सैनिक होते. पुढे लेखी जबानीत ते चार झाले. नकारपत्रात या वाढीव सैनिकावर अख्खा परिच्छेद होता. लंडनमध्ये आश्रयाच्या दाव्यांसाठी मी मानसशास्त्रीय अहवाल लिहिते. असा एखादा चौथा सैनिक बहुतेक फायलींत निघतोच.

मग मी जेन हर्लिही आणि सहकाऱ्यांचा २००२ सालचा अभ्यास काढते. कोसोवो आणि बोस्नियाचे ४३ निर्वासित. ब्रिटनमध्ये राहायची परवानगी त्यांना आधीच मिळालेली, म्हणजे खोटं बोलून पदरात काही पडणार नव्हतं. तरी त्याच घटनेबद्दलच्या त्याच प्रश्नांची उत्तरं दुसऱ्या खेपेला बदलली; गाभ्यापेक्षा कडेकडेच्या तपशिलांत जास्त. आघाताची लक्षणं ज्यांच्यात तीव्र, त्यांची तफावत दोन मुलाखतींमधल्या काळाबरोबर वाढत गेली. यात मला नवल वाटत नाही. बंदूक रोखलेली असताना नजर बंदुकीवर असते, माणसं कोण मोजतं?

सुरुवातीच्या एका अहवालात मी लिहून गेले, ‘बाई खरं बोलत आहेत.’ वरिष्ठांनी ते लाल पेनानं खोडलं. खरं-खोटं न्यायाधीश ठरवतील, म्हणाले. तेव्हा राग आला होता. पण तफावत म्हणजे खोटेपणा नव्हे, एवढंच तो अभ्यास सांगतो. तफावत दिसली की आघात झालाच, असं कुठे म्हणतो? खोटं बोलणाराही विसरतो. आणि माणूस बघून खोटं ओळखण्यात आपण सगळेच कच्चे. बाँड आणि डीपॉलो यांनी २००६ साली ढीगभर प्रयोग एकत्र तपासले, तेव्हा बरोबर अंदाज निघाले सरासरी ५४ टक्के. नाणं उडवलं तरी ५०. या ‘आपण’मध्ये मीही येते, हे पचायला वेळ लागला.

छळाच्या खुणा तपासून नोंदवण्यासाठीच्या इस्तंबूल प्रोटोकॉल या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिकेनं आम्हाला शब्दांच्या पायऱ्या आखून दिल्या आहेत. लक्षणं सांगितलेल्या घटनेशी ‘सुसंगत’ आहेत, की ‘अत्यंत सुसंगत’? माझ्या कित्येक संध्याकाळी या एका विशेषणात अडकून पडल्या आहेत.

चौथ्या सैनिकाबद्दल मी लिहिलं, की एवढ्या फरकावरून दावा अविश्वसनीय ठरवता येत नाही. बाकी लक्षणांपुढे आधी ‘अत्यंत सुसंगत’ लिहिलं होतं. पण बाईची झोप उडाली ती सैनिकांमुळे की दोन वर्षं निकालाची वाट बघून, हे मला वेगळं काढता येईना. ‘अत्यंत’ खोडलं आणि सही केली.