साडेअकरा इंचांची शिलाई

माझ्या वन-आरके फ्लॅटमध्ये माझ्याशिवाय आणखी बावीस जणी राहतात. भाडं देत नाहीत, भांडी घासत नाहीत, पण कपडे मात्र माझ्यापेक्षा जास्त! हो, मी फॅशन डॉल्स जमवते. वय अठ्ठावीस, डिग्री मास कम्युनिकेशनची, धंदा फ्रीलान्स पत्रकारितेचा. त्यामुळे महिन्याला जो काही चेक येईल, त्यातला पहिला घास या बायांचा. ‘अगं, या वयात बाहुल्या?’ हे इतक्या वेळा ऐकलंय की आता मी नुसती हसते. डेस्कवर सुपरहिरोचे पुतळे मांडणाऱ्या मुलांना नाही कुणी असं विचारत!

बाहुल्यांच्या बाबतीत माझी मतं जरा जहाल आहेत. आधी सेलिब्रिटी डॉल्सचं बघू. हे फॅड आजचं नाही. बार्बी बाजारात आली १९५९ मध्ये आणि १९६७ मध्ये ट्विगी या ब्रिटिश मॉडेलची बाहुली आलीसुद्धा. आपल्याकडच्या स्टार मंडळींचा नंबर लागायला बराच वेळ लागला. २००६ मध्ये ब्रिटनमध्ये शाहरुख, काजोल, हृतिक आणि प्रियांकाच्या बाहुल्या निघाल्या. २००९ मध्ये, बार्बीच्या पन्नाशीला, कतरिना कैफची बार्बी आली. माझी तक्रार एकच. यातल्या बऱ्याच बाहुल्यांवरचं नाव झाकलं, तर ओळखून दाखवा! चेहऱ्यावरची जी गोष्ट त्या माणसाला त्याचं माणूसपण देते, तीच नेमकी कारखान्यात घासून गुळगुळीत होते. २०१८ मध्ये फ्रिडा काहलोची बार्बी आली तेव्हा नाही का तिच्या जुळलेल्या भुवयाच हलक्या करून टाकल्या? मेक्सिकोत प्रकरण कोर्टात गेलं. बरं, जिम्नॅस्ट दीपा कर्माकरच्या रूपातली बार्बी २०१९ मध्ये केली, तर ती एकुलती एक, दुकानात मिळणारच नाही. म्हणजे जी मला हवी, तिच्यासमोर मी पैसे घेऊन उभी राहिले तरी उपयोग नाही.

आणि सेलिब्रिटी डॉलला आपण नाव ठेवू शकत नाही. ती आधीच कुणीतरी असते. माझ्या पहिल्या बाहुलीचं नाव होतं ठकी. परळीला महाशिवरात्रीच्या यात्रेत, वैजनाथाचं दर्शन झाल्यावर, पायऱ्या उतरून आलं की खेळण्यांची दुकानं लागायची. तिथली पोकळ प्लॅस्टिकची, दाबली की आत जाणारी बाहुली. आजी म्हणायची, तिच्या लहानपणी लाकडाच्या बाहुलीला ठकी म्हणत. म्हणून हीपण ठकी. एका दुपारी ती शाळेत जायची, दुसऱ्या दुपारी थर्मलला ड्यूटीवर, पप्पांच्या जागी.

आता डिझायनर डॉल्स. इथे मात्र मी विरघळते. बॉब मॅकी या डिझायनरची १९९० मधली सोनेरी बार्बी ही कलेक्टर लोकांची पंढरी. कार्ल लागरफेल्डची २०१४ मधली बार्बी, फक्त ९९९ नग, किंमत २०० डॉलर. आपल्याला फोटोवरच समाधान! पण ऑक्टोबर २०२४ मध्ये अनिता डोंगरेंनी डिझाइन केलेली दिवाळी बार्बी आली आणि मी म्हटलं, ही तर घ्यायचीच. ४० डॉलर. लेहेंगा, चोळी, वर कोटी, त्यावर डेलिया, जाई आणि कमळ, हातात सोनेरी बांगड्या. सावळा रंग, काळेभोर केस. माझ्या रंगाच्या जवळपासची बाहुली दिवाळीला नटून बसलेली बघायला मला अठ्ठावीस वर्षं लागली, हेही खरंच.

संक्रांतीला घरी जाताना मी तिला बॉक्ससकट बॅगेत घातलं. रात्रीची ट्रॅव्हल्स, पहाटे परळी. आई खिडकीपाशी मशीनवर बसलेली. आई ब्लाऊज शिवते. मला आठवतंय तेव्हापासून. मी मोठ्या कौतुकानं बाहुली तिच्या हातात दिली.

तिनं चेहऱ्याकडे बघितलंच नाही. उलटी करून पाठ बघितली. मग म्हणाली, ‘कोटी हाय म्हणून बरंय बाई. आतल्या चोळीची फिटिंग कुणाला दिसायलीये?’ मग तिला टेबलावर उभी करून बघितली. अर्थात पडली! ‘ही चालायची कशी गं?’

मी म्हटलं, आई, ही डिझायनर डॉल आहे. ती म्हणाली, ‘असू दे की. रंग चांगले जमवलेत.’ माझ्या आईकडून एवढी दाद म्हणजे पुरस्कारच समजा.

मग तिनंच मला जे शिकवलं, ते सांगते. बार्बी साडेअकरा इंचांची, म्हणजे साधारण आपल्या एक षष्ठांश. त्या हिशोबानं नऊवारी साडी दीड वाराची आणि साडेसात इंच पन्ह्याची हवी. गणित सोपं आहे. पण कापडाला गणित कळत नाही! साडी सहापट लहान कापता येते, तिचा धागा सहापट बारीक करता येत नाही. नवं कोरं रेशीम बाहुलीला नेसवलं की तंबूसारखं उभं राहतं. निऱ्या बसत नाहीत, कासोटा म्हणजे नुसता बोळा. पैठणीचा खरा काठ तर बाहुलीच्या छातीपासून गुडघ्यापर्यंत येईल. म्हणून आई बाहुलीसाठी नवं कापड कधी घेत नाही. वीस-पंचवीस वर्षं नेसून, धुऊन, विरत आलेलं लुगडं घेते. ते इतकं मऊ झालेलं असतं की बोटाएवढ्या कमरेवरही निमूट बसतं. ठकीची पहिली नऊवारी आजीच्या जुन्या इरकलीची होती. माझ्याकडच्या बावीस जणींपैकी नऊ जणी आज आजीची लुगडी नेसून आहेत.

आता खरी गोष्ट. ही सांगायची की नाही, यावर मी दोन डेडलाइन घालवल्या.

गेल्या वर्षी पुण्यात आम्हा बाहुलीवेड्या मंडळींची एका कॅफेत भेट होती. मी तिथे आईनं नेसवलेली इरकल नऊवारीवाली नेली. टेबलावर परदेशातून मागवलेल्या कितीतरी बाहुल्या होत्या, पण सगळ्या येऊन माझीच उचलून बघत होत्या. एकीनं विचारलं, ‘सॉलिड आहे! डिझायनर कोण?’

मी म्हटलं, ‘कस्टम आहे. एका टेलरकडून करून घेते.’

एका टेलरकडून! त्याच तासाभरात मी लागरफेल्डचं नाव तीनदा घेतलं होतं, तेही उच्चार सांभाळून. आणि ‘माझी आई, परळीला असते, ब्लाऊज शिवते’ एवढं तोंडातून निघालं नाही. कुणी हसलं नसतं. उलट कौतुकच झालं असतं, हे मला तेव्हाही माहीत होतं. तरी नाही निघालं. हॉस्टेलच्या पहिल्या वर्षी माझ्या ड्रेसकडे बघून ‘घरी शिवलाय का?’ असं कुणीतरी सहज विचारलं होतं, तिथूनच बहुधा ते घशात बसलंय.

डिझायनर डॉलची किंमत कशाची असते? कापड टीचभर, प्लॅस्टिक मूठभर. किंमत असते नावाची. आणि ते नाव आईचं लावायची वेळ आली, तेव्हा मीच ते पुसलं. भुवया पुसणाऱ्यांना कुठल्या तोंडानं नावं ठेवू?

संक्रांतीच्या त्याच मुक्कामात मी तिला सगळं सांगितलं. वाटलं होतं, तिच्या डोळ्यांत पाणी येईल. ती दोरा ओवत होती. ‘टेलरच हाय की मी. खोटं काय बोललीस?’ एवढंच. मी म्हटलं, आता प्रत्येक साडीला आतून तुझ्या नावाचं लेबल लावायचं. तर म्हणे, ‘एवढ्याशा पाठीला लेबल? फुगवटा दिसेल.’ थोडा वेळ मशीन चालवली, मग थांबून म्हणाली, ‘पण शिलाई घेणार मी. ब्लाऊजची घेते तेवढी. लहान हाय म्हणून काम कमी नसतंय, डोळे जास्त लागतेत.’

इतक्या वर्षांत तिनं माझ्याकडून एक रुपया घेतला नव्हता. मी द्यायचाही विचार केला नव्हता. नऊ नगांचे पैसे मी हिशोब करून दिले. तिनं मोजून घेतले.

पुढच्या महिन्यात पुन्हा भेट आहे. या वेळी मी छोटी कार्डं छापून घेतलीत, बाहुलीच्या शेजारी ठेवायला. वर आईचं पूर्ण नाव, खाली परळी वैजनाथ. फोन नंबर टाकायचाही विचार होता, पण आईनं साफ नाही म्हटलं. लग्नसराईत ब्लाऊजचीच गर्दी आवरत नाही म्हणे, त्यात बाहुल्या कुठं घेऊ!