हलवायचं मीच

मंडळी, सांगलीच्या स्पर्धेत काय झालं, असं भाचीने फोनवर विचारलं, म्हणून लिहून टाकतो. निकाल आधीच सांगतो: पाच डावांत अडीच गुण. सांगली म्हणजे भाऊसाहेब पडसलगीकरांचं गाव, तिथे पटावर बसलेल्या म्हाताऱ्याला कोणी हसत नाही. असो. सांगायचा आहे तो चौथा डाव.

समोर माझ्याहून दोन-तीन वर्षांनी मोठे गृहस्थ. उजव्या हाताला कंपवात. हत्ती उचलला की शेजारची प्यादी लवंडायची. ती परत लावायची त्यांच्याच वेळात, आणि ज्या हाताने चाल केली त्याच हाताने घड्याळ दाबायचं, असा नियम. पंच भले होते. म्हणाले, "काका, मदतनीस घ्या, नियमात बसतं. तुम्ही चाल सांगा, तो करील."

"हलवायचं मीच."

डोकं मात्र थरथरत नव्हतं हो! चाळिसाव्या चालीपर्यंत त्यांच्याकडे हत्ती आणि पुढे गेलेलं प्यादं, माझ्याकडे घोडा आणि तीन विस्कटलेली प्यादी. डाव त्यांचाच होता. पण घड्याळात माझी 14 मिनिटं शिल्लक, त्यांची जेमतेम दोन. दर चालीला वाढीव सेकंद मिळतात, ते या स्पर्धेत नव्हते.

एकदा हत्तीकडे जाताना त्यांची बोटं राजाला लागली. बघणारा एक पोरगा "टच!" म्हणून पुटपुटला. चुकून लागलेला धक्का स्पर्श धरत नाहीत. मी गप्प राहिलो. पुढची चाल केली आणि बरोबरी देऊ केली.

त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "मास्तर, ही बरोबरीची स्थिती आहे?"

"नाही."

"मग खेळा."

खेळलो. उगाच रेंगाळलो नाही आणि मुद्दाम वाईटही खेळलो नाही, तो त्यांचा अपमान झाला असता. प्यादं वजीर व्हायला एक घर उरलं आणि त्यांच्या घड्याळात शून्य आलं. पंचांना मी हाक मारली नाही. काकांनीच घड्याळ थांबवून हात पुढे केला. गुण मी घेतला. सौ. म्हणते, घ्यायला नको होता. मला तसं वाटत नाही.

नंतर टपरीवर चहा सांगितला. काकांनी पिशवीतून छोटा चुंबकी पट काढला, त्यावरच्या सोंगट्या पडत नव्हत्या. शेवटची स्थिती मांडून आठ चालींत त्यांनी मला मात दिली. मग पट फिरवला.

"आता तुम्ही माझ्या बाजूने खेळा. बघू जमतंय का."