शरणपूरची पोरं

आम्हा अंबडकरांना शहरात काही काम निघालं की शरणपूर रोडला जावं लागतंच. दुकानं, बँका, सिग्नल... नावाकडे कोण बघतंय? शरणपूर म्हणजे आश्रयाचं गाव. चर्च मिशनरी सोसायटीने १८५० च्या दशकात वसवलेली ख्रिस्ती वस्ती.

मंडळी, इथे एके काळी आफ्रिकन मुलं शिकत होती! गुलामांच्या जहाजांवरून इंग्रज आरमाराने सोडवलेली, मुंबईत उतरवलेली आणि मग नाशिकला आणलेली. आईबाप, गाव, भाषा सगळं मागे राहिलेलं. इथे ती लिहायला-वाचायला शिकली, हाताचं काम शिकली.

१८६५ मध्ये डेव्हिड लिव्हिंग्स्टन मुंबईत आला. आफ्रिकेच्या पुढच्या प्रवासासाठी त्याने यातली नऊ मुलं सोबत घेतली. १८७२ मध्ये आणखी काही जण जाऊन मिळाले, त्यात जेकब वेनराईट होता. १८७३ मध्ये लिव्हिंग्स्टन आजच्या झांबियातल्या एका खेड्यात वारला. सोबत्यांनी त्याचं काळीज तिथेच झाडाखाली पुरलं. जेकबने दफनविधीची प्रार्थना वाचली, झाडावर नाव-तारीख कोरली. मग वाळवलेला देह गुंडाळून त्यांनी हजार मैलांहून जास्त वाट तुडवली आणि फेब्रुवारी १८७४ मध्ये किनारा गाठला. पुरून मोकळं होणं किती सोपं होतं! १८ एप्रिलला लंडनला वेस्टमिन्स्टर अ‍ॅबेत दफन झालं, तेव्हा शवपेटी धरणाऱ्यांत जेकबही होता.

मिशनरी प्रवास म्हटलं की आपल्याला एकच माणूस दिसतो. पौलाचंही तसंच. पण रोमकरांस पत्राचा शेवटचा अध्याय उघडून बघा, नुसती नावंच नावं! सुरुवात फिबीपासून. ते पत्र रोमला तिनेच पोचवलं, असं बरेच अभ्यासक मानतात. पौलाला ही माणसं आठवत होती. आपण मात्र तो अध्याय भराभर वाचून टाकतो.

मला राहून राहून वाटतं, आज सुवार्ता सांगणारे कमी नाहीत. ओझं शेवटपर्यंत वाहणारे कमी आहेत. आजाऱ्याच्या उशाशी बसणारी बाई, सभा संपल्यावर सतरंज्या गोळा करणारा म्हातारा, यांचं नाव अहवालात कधी येत नाही. तरी त्यांच्यावाचून मंडळी एक पाऊल पुढे जात नाही.

आणि या पोरांचं तर घरदारच हिसकावलं गेलं होतं. ज्यांना कुणी तरी माल म्हणून वाहून नेलं, त्यांनीच एका माणसाला सन्मानाने वाहून नेलं.

असो. शरणपूर रोडच्या सिग्नलला थांबाल तेव्हा जेकबचं नाव जरूर आठवा.