पोपच्या गावचा द्राक्षारस आणि आमची पोपटी

द्राक्षारस हा शब्द आपण ऐकतो तो बहुधा वेदीजवळ. घरात तो क्वचित येणारा पाहुणा. कर्जत-खालापूरच्या पट्ट्यात आपल्या परिचयाची आहे ती मोहाची आणि गुळाची दारू, आणि तिने धुळीस मिळवलेले संसार. त्यामुळे बाटली दिसली की घरातल्या वडीलधाऱ्यांच्या कपाळाला आठी पडते, आणि ती उगाच पडत नाही.

आमच्या दादांचा मुलगा जहाजावर नोकरीला आहे. गेल्या नाताळात त्याने फ्रान्सचा तांबडा द्राक्षारस आणला. बाटलीच्या काचेवरच पोपचा मुकुट आणि संत पेत्राच्या किल्ल्या उठवलेल्या. नाव ‘शातोनफ द्यु पाप’, म्हणजे पोपचा नवा गड. १३०९ ते १३७७ या काळात पोपमहोदयांचे पीठ रोमऐवजी अविन्यॉन येथे होते. त्यांपैकी बाविसावे योहान यांनी जवळच्या एका खेड्यात गढी बांधविली. १८९३ मध्ये त्या खेड्याने हेच नाव धारण केले. १९२३ साली बॅरन ल रुआ यांच्या पुढाकाराने मळेवाल्यांनी जमीन आणि द्राक्षांविषयी स्वतःवरच कडक नियम घालून घेतले. १९३६ मध्ये त्या नावाला कायद्याचे संरक्षण लाभले. तेथील अनेक मळ्यांत गोल गोटे पसरलेले असतात. ते दिवसा तापतात आणि रात्री वेलींना ऊब देतात. तेथे मुख्यत्वे पिकणारी ग्रनाश द्राक्षे मुळातच गोड; म्हणून हा रस भारदस्त, मद्यांश बहुधा शेकडा १४ च्या पुढेमागे.

फ्रेंच कुटुंबात त्याचे स्थान जेवणाच्या मेजावर. भाजलेले कोकरू, शिकारीचे मांस, मंद आचेवर शिजलेला रस्सा, मुरलेले चीज ही त्याची सोबत. तांबड्या द्राक्षारसात सालीचा आणि बियांचा तुरटपणा उतरतो. जांभूळ खाल्ल्यावर जीभ आखडते, तसा. मांसातील प्रथिने आणि चरबी त्याला मवाळ करतात. मिरचीशी मात्र त्याचे पटत नाही, कारण मद्यांशाने तिखटाची आग अधिकच भडकते. बाटली मसाल्याचे झणझणीत कालवण किंवा सुकट-बोंबील त्याच्यापुढे वाढले, तर दोहोंचीही चव जाते. मासळीबरोबर तर तोंडात लोखंड चाखल्यासारखे वाटते.

मग आपल्या मातीतले काय त्याला शोभावे? उत्तर शेतातच होते. भाताच्या कापणीनंतर जमिनीतल्या ओलीवर आपल्याकडे वाल होतो. शेंगा भरल्या की पोपटी लावायची. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, त्यावर मीठ-ओवा लावलेल्या शेंगा, बटाटे, अंडी, कोंबडी. तोंडाशी पुन्हा पाला दडपून मडके उपडे ठेवायचे आणि भोवती पेंढा-गोवऱ्यांचा जाळ करायचा. पाण्याचा थेंब नाही, तिखटाची चिमूट नाही. भांबुर्ड्याचा कडसर सुवास, धुराचा स्पर्श आणि कोंबडीची चरबी एवढाच मसाला. त्या द्राक्षारसातही रानवनस्पतींचा गंध जाणकारांना जाणवतो. सोळा ते अठरा अंश उष्णतामान त्याला मानवते, आणि ते आपल्या जानेवारीच्या रात्री आयतेच देतात.

तीन राजांच्या सणाला आम्ही पोपटी लावली. बाटली आणणारा मुलगा ती उघडायला मात्र धजेना. दादांनी बारा वर्षांपूर्वी दारू सोडली आहे. ते दिवस त्या मुलाने लहानपणी पाहिले आहेत. त्याचा संकोच दादांनी ओळखला. म्हणाले, “उघड बाळा. बारा दिवस पाहुणा कपाटात बसलाय. मला माझं कोकम दे.” बाटलीतला रस आम्हा सात जणांच्या पेल्यांत थोडाथोडा आला. मडके फोडल्यावर पहिली शेंग दादांनीच सोलली.

काना गावी द्राक्षारस संपला, तेव्हा पवित्र मातेला काळजी वाटली ती त्या घरच्या लग्नाची. द्राक्षारसाची प्रतिष्ठा पंगतीमुळे आहे. पंगतीवाचून, एकट्याने, अंधारात प्यालेला महागडा रसही मोहाच्या दारूचाच भाऊ ठरतो. तेव्हा परदेशातून कुणी अशी बाटली आणलीच, तर वालाच्या शेंगा भरेपर्यंत थांबावे, शेजाऱ्यांना बोलवावे, आणि ज्याने पेला कायमचा खाली ठेवला आहे त्याच्यासाठी कोकमाचा तांब्या आधी भरून ठेवावा.